टपावरचं सोलर: कॅम्परव्हॅनच्या वायरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्याची. वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या एका शेडमध्ये मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून आमची व्हॅन राहण्याजोगी केली. टपावर १०० वॉटची तीन पॅनल, खाली १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, एक फ्रिज, एक पंखा, दिवे. तेव्हापासून घोडबंदरहून, ऐरोलीहून, खारघरहून लोक आपापली गाडी घेऊन येतात आणि जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. पॅनल कुठलं घ्यावं यावर लोक महिनोन् महिने खल करतात आणि वायर, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवतात ती धातूची कडी), फ्यूज मात्र शेवटच्या दिवशी घाईघाईत उरकतात. गाडी पेटते ती याच उरकलेल्या कामापायी, म्हणून त्या भागावर मी जास्त लिहिलं आहे.

माझ्या गाडीला किती वॉटची पॅनल लागतील?

आधी तुमचा दिवसाचा खप काढा, मग पॅनलकडे या. आमचा हिशोब असा: १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ५० वॉट घेतो आणि उन्हाळ्यात साधारण निम्मा वेळ चालतो, म्हणजे ६०० वॉट-अवर. २० वॉटचा पंखा दहा तास, २००. लॅपटॉप आणि दोन मोबाइल, २००. दिवे ४०. एकूण १,०४०, म्हणजे घरच्या बिलाच्या भाषेत एक युनिटभर.

आता पॅनल. आपल्याकडे स्वच्छ दिवसाला पाच तासांचं पूर्ण ऊन धरायला हरकत नाही. ३०० वॉट गुणिले ५, म्हणजे १,५००. त्यातले तीसेक टक्के पॅनल तापण्यात, धुळीत, आडव्या बसवणीत, वायरमध्ये आणि कंट्रोलरमध्ये (पॅनलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारी डबी) जातात. हाती १,०५० उरतात. आमचा खप आणि आमची पॅनल जेमतेम जुळतात, आणि दोन ढगाळ दिवस आले की तूट पडते. टपावर जागा असेल तर ४०० वॉट बसवा.

त्यावर एसी चालेल का?

नाही. एक टनाचा एसी चालू असताना हजार वॉटच्या आसपास घेतो. रात्रभरात चार-पाच युनिट सहज जातात, आणि १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत भरलेली असताना १.२८ युनिट असतात. मे महिन्यात गाडी खाडीकाठी लावून झोपण्यापेक्षा घाट चढून वर जा आणि मागच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा चांगला पंखा बसवा.

पॅनल आडवी बसवायची की तिरकी?

आडवी. ठाणे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. अशा देशात आडवं पॅनल उन्हाळ्यात काही गमावत नाही. डिसेंबरमध्ये मात्र दुपारीसुद्धा सूर्य ४७ अंशांपर्यंतच चढतो आणि आडव्या पॅनलचं चौथाई ऊन जातं. त्या दिवसांत फ्रिजही कमी चालतो, त्यामुळे हिशोब जुळतो. उचलता येणारे स्टँड गाडी उभी असताना बरे, पण एकदा जरी विसरून तसेच पाम बीच रोडला निघालात तर वारा पॅनल उपटून मागच्याच्या काचेवर टाकेल.

टप आणि पॅनल यांच्यात दोन-तीन बोटं मोकळी हवा राहू द्या. पॅनलवर लिहिलेले वॉट २५ अंश तापमानाचे असतात. एप्रिलच्या दुपारी काच ६५ अंशांपर्यंत जाते आणि दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते, म्हणजे सोळा टक्के गेले. थेट पत्र्यावर चिकटवलेली लवचिक पॅनल याहून जास्त तापतात आणि लवकर खराब होतात. मी ती कुणाला सुचवत नाही.

टपाला भोकं पाडायची भीती वाटते. नुसतं चिकटवलं तर?

भीती रास्त आहे. पहिल्या वर्षी जूनच्या पहिल्या सरीनंतर आमच्या छताच्या प्लायवर चहाच्या डागासारखी एक रेघ उतरलेली दिसली. केबल आत घेण्यासाठी पाडलेल्या भोकात आम्ही रबरी ग्रोमेट बसवून वर सिलिकॉन फासलं होतं. उन्हाने सिलिकॉन कडेने सुटलं, पाणी केबलच्या अंगाने चालत आत आलं आणि प्लायमध्ये मुरलं.

आता केबलसाठी टपावर झाकणाची छोटी डबी आहे. तिच्या मागच्या बाजूने, म्हणजे गाडी चालताना पाणी ज्या बाजूला आपटत नाही तिथून, दोन केबल ग्लँड (केबलभोवती घट्ट आवळली जाणारी, पाणी अडवणारी बुचं) आहेत. डबीत शिरण्याआधी केबलला खाली झुकणारा एक वेढा दिला आहे, की थेंब त्या वेढ्याच्या तळाशी येऊन गळून पडेल. भोकाच्या कापलेल्या कडेला आधी गंजरोधक प्रायमर लावला, मग गाडीच्या काचा बसवायला वापरतात तो पॉलियुरेथेन सीलंट. घरातल्या बाथरूमचं सिलिकॉन टपावर वापरू नका.

पॅनलच्या चौकटीसाठी कॅरियरच्या पट्ट्या असतील तर त्यांना बोल्ट मारा, टपाला नवीन भोक नको. नसतील तर बोल्ट आणि सीलंट दोन्ही हवेत. बोल्ट स्टेनलेसचे घ्या, खालून रुंद वॉशर द्या आणि लॉकनट लावा.

तीन पॅनल सिरीजमध्ये जोडू की पॅरललमध्ये?

सिरीज म्हणजे एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला, पॅरलल म्हणजे सगळे प्लस एकत्र आणि सगळे मायनस एकत्र. कुठलं बरं यावर वाद पुष्कळ होतात. एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलचे जास्तीचे व्होल्ट उतरवून बॅटरीकडे अँपिअर वाढवणारा) असेल तर माझं मत सिरीज.

१०० वॉटचं साधं पॅनल चालताना सुमारे १८ व्होल्ट आणि ५.५ अँपिअर देतं. पॅरललमध्ये तिघांचे अँपिअर मिळवले जातात, व्होल्ट १८च राहतात. पण हे १८ व्होल्ट २५ अंशांचे आहेत. तापलेल्या टपावर त्याचे पंधरा होतात, त्यातले अर्धा-पाऊण वायरमध्ये जातात, आणि लिथियम बॅटरीला भरायला १४.४ हवेत. म्हणजे कडक उन्हात, ऐन कमाईच्या वेळी, पॅनलजवळ देण्याइतका जोरच उरत नाही. सिरीजमध्ये व्होल्ट मिळवले जातात, ५४ होतात, आणि अशी तंगी येत नाही. शिवाय वायरमधून फक्त ५.५ अँपिअर जातात, त्यामुळे बारीक केबलवर भागतं.

पॅरललच्या बाजूचं म्हणणं सावलीचं असतं: एका पॅनलवर सावली आली तरी बाकीची दोन चालू राहतात. ते खरं आहे. पण पॅनलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात, सिरीजमध्ये ते सावलीतलं पॅनल वगळून वीज पुढे नेतात, आणि एमपीपीटी कमी झालेल्या व्होल्टवरही काम चालवतो. झाडाच्या तुटक सावलीत नुकसान दोन्ही जोडण्यांत होतं. दोन टॉवरच्या मधल्या फटीत गाडी उभी असेल तर कुठलीच जोडणी तारणार नाही, गाडी हलवा.

सिरीज करताना एक काळजी घ्या. लोड नसताना प्रत्येक पॅनल २२ व्होल्ट दाखवतं, तिघांचे ६६. थंडीत हे वाढतात, दर अंशाला सुमारे ०.३ टक्के. लडाखला उणे १० अंशांत पहाटेचं ऊन पडलं की ७३च्या घरात जातील. कंट्रोलर ७५ व्होल्टचा असेल तर जेमतेम दोन व्होल्टची सवड उरते, आणि एकदाच ओलांडलं तरी तो जळतो. १०० व्होल्टचा घ्या. आणि ६०-६५ व्होल्टच्या डीसीचा (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) झटका बसतो हे विसरू नका. १२ व्होल्टच्या सवयीने उघड्या टोकांना हात लावू नका.

एमपीपीटी की पीडब्ल्यूएम?

एमपीपीटी. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला बॅटरीच्या व्होल्टवर खाली ओढतो: ५.५ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, म्हणजे १०० वॉटच्या पॅनलकडून ७२च मिळतात. एका पॅनलवर दिवे आणि मोबाइल एवढंच चालवायचं असेल तर पीडब्ल्यूएम पुरे. ३०० वॉटला बॅटरीच्या बाजूने २३ अँपिअरपर्यंत येतात, म्हणून ३० अँपिअरचा कंट्रोलर घ्या. तो बॅटरीजवळ पण हवा लागेल असा बसवा, कपाटात कपड्यांखाली नको.

कुठे किती जाडीची वायर?

पॅनलपासून कंट्रोलरपर्यंत ४ स्क्वेअर एमएमची सोलर डीसी केबल (पुढे नुसतं एमएम म्हटलं तरी स्क्वेअर एमएमच समजा). घरात वापरतो ती वायर टपावर नको, तिचं आवरण उन्हाने तडकतं. हिशोब बघा: टपापासून कंट्रोलर पाच मीटर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर. एवढ्या ४ एमएमच्या तांब्याचा रोध ०.०४४ ओहम. सिरीजमध्ये ५.५ अँपिअरला पाव व्होल्टही पडत नाही, ५४ मधले अर्धा टक्का. हीच पॅनल पॅरललमध्ये असती तर १६.५ अँपिअरला ०.७ व्होल्ट, १८ मधले चार टक्के.

कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंत १० एमएम. अंतर कमी असतं म्हणून लोक इथे हात आखडता घेतात. पण या वायरमध्ये व्होल्ट पडले तर बॅटरी खरी आहे त्याहून जास्त भरलेली कंट्रोलरला दिसते आणि तो लवकर आवरतं घेतो.

बॅटरीपासून १००० वॉटच्या इन्व्हर्टरपर्यंत ३५ एमएम, आणि लांबी एक मीटरच्या आत. पूर्ण लोडला इथून ९०-९५ अँपिअर जातात. तुमच्या घरचा गीझर दहा-बारा घेतो.

तांबं तपासून घ्या. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त केबल सर्रास मिळते, आणि जाड केबलमध्ये तर जास्तच. दुकानातच एक तार बाहेर काढा, ब्लेडने खरवडा आणि उजेडात धरा. आत पांढरी चमक दिसली तर परत करा. मुंबईच्या लोहार चाळीत चांगला दुकानदार हे करायला स्वतः ब्लेड देतो.

लग दाबण्यासाठी खास मशीन घ्यायलाच हवं का? हातोडीने होत नाही का?

होत नाही, आणि का ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या इन्व्हर्टरच्या केबलची लग एका दुकानात ठोकून घेतली होती. दिसायला घट्ट, ओढून पाहिली तरी निघत नव्हती. माळशेजला एका पहाटे ८०० वॉटची किटली लावली आणि पाच मिनिटांत तापलेल्या प्लास्टिकचा वास यायला लागला. बॅटरीच्या खोक्याचं झाकण उघडलं तर लगेवरचं लाल हीट श्रिंक (तापवून आवळलेली प्लास्टिकची नळी) तपकिरी होऊन मागे सरकलं होतं आणि खालच्या वायरचं आवरण बोटाने दाबलं जात होतं. किटली बंद केली, फ्यूज काढली, आणि ती सहल दिव्याशिवाय पूर्ण केली.

घरी येऊन ती लग हॅक्सॉने उभी कापली. एका बाजूच्या तारा लगेला चिकटून चपट्या झाल्या होत्या. दुसऱ्या बाजूच्या काळ्या पडल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये मुंगी शिरेल एवढी पोकळी होती. सगळी वीज निम्म्या तारांतून जात होती. अशा जोडाचा रोध फक्त २ मिलिओहम धरला तरी ७५ अँपिअरला ११ वॉट उष्णता होते, तीही नखाएवढ्या जागेत. २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न शिसं वितळवतो.

हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशीनमध्ये लगेच्या मापाची षटकोनी डाय असते. ती चारी बाजूंनी दाबते आणि तारा एकजीव होतात. मशीन विकत घ्या असं नाही. पॅनल बोर्ड बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये असतं, वागळे इस्टेट किंवा तुर्भे एमआयडीसीत केबल घेऊन गेलात तर समोर उभं राहून दाबून घ्या. एक लग जास्तीची दाबायला सांगा आणि ती कापून बघा. आत नाण्यासारखा भरीव गोळा दिसायला हवा. नुसतं डाग देऊन जाड लग बसवू नका: तापली की शिसं मऊ होतं, आणि हादऱ्यांनी डागाच्या कडेला तारा तुटतात.

फ्यूज कुठे आणि किती?

फ्यूज वायरला वाचवते, यंत्राला नाही. म्हणून ती बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवी. बॅटरी आणि फ्यूजमधल्या वायरला कुणाची राखण नसते, तिथे शॉर्ट झालं तर अडवायला कुणी नाही.

इन्व्हर्टरच्या ३५ एमएमला १२५ अँपिअर. कंट्रोलरच्या १० एमएमला ४०. फ्रिजला १५, दिव्यांना ५. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणभर हजारो अँपिअर सोडते, आणि साधी फ्यूज वितळली तरी तिच्या टोकांमध्ये ठिणगी चालूच राहू शकते. मुख्य फ्यूज टी-क्लासची घ्या. महाग आहे, पण इथे पैसे वाचवू नका.

तीन पॅनल एकाच सिरीजमध्ये असतील तर टपावर फ्यूज लागत नाही. तीन किंवा जास्त पॅनल पॅरललमध्ये असतील तर प्रत्येकाला वेगळी हवी. पॅनल आणि कंट्रोलरच्या मध्ये एक डीसी आयसोलेटर (हाताने वीज तोडायचा स्विच) दोन्ही बाबतींत लावा.

घरचा एमसीबी पडून आहे, तोच लावला तर?

नको. घरची वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना झालेली ठिणगी आपोआप विझते. डीसी कधीच शून्यावर येत नाही. ठिणगी तशीच ताणली जाते आणि एमसीबीच्या पोटात जळत राहते. डीसी लिहिलेलाच घ्या. त्यावर प्लस-मायनसच्या खुणा असतील तर त्याप्रमाणेच जोडा. उलटा लावलेला डीसी एमसीबी वेळेला ठिणगी विझवू शकत नाही.

जोडताना आधी काय, नंतर काय?

आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल कंट्रोलरला. काढताना उलट, आधी पॅनल. बॅटरी नसताना पॅनल जोडलं तर बरेच कंट्रोलर बिघडतात, कारण बारा व्होल्टची सिस्टिम आहे हे त्यांना बॅटरीवरूनच कळतं. काम चालू असताना पॅनलवर जाड गोधडी टाका. उजेड आहे तोवर पॅनलची वीज बंद करणारं बटण नसतं. आणि एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या केबलच्या टोकाचे प्लग) वीज वाहत असताना कधीही ओढू नका.

बॅटरी लिथियम की घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर?

लिथियम आयर्न फॉस्फेट. ट्यूब्युलर निम्मीच वापरायची असते, वजनाने दुपटीहून जास्त भरते आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते, जिथे तुम्ही झोपता तिथे. पहिला खर्च परवडत नसेल आणि तीच घ्यावी लागली तर तिला बंद खोकं करा आणि बाहेर जाणारी नळी द्या. लिथियमला एक पथ्य आहे: शून्य अंशांच्या खाली चार्ज करायची नाही. ठाण्यात हा प्रश्न येत नाही, स्पितीत येईल. तिथे थंडीत चार्जिंग रोखणारं बीएमएस (बॅटरीच्या आतलं रक्षक सर्किट) असलेली बॅटरी हवी.

पावसाळ्यात काय? आणि आमची गाडी तर सोसायटीच्या पॉडियमखाली असते.

जून ते सप्टेंबर सोलरच्या भरवशावर राहू नका. काळ्या ढगांच्या दिवशी आमच्या ३०० वॉटमधून फ्रिजपुरतंसुद्धा मिळत नाही. डीसी-टू-डीसी चार्जर (गाडी चालताना इंजिनाच्या विजेवर ही बॅटरी भरणारा) बसवा. ३० अँपिअरचा असेल तर तीन तास गाडी चालल्यावर ९० अँपिअर-अवर आत येतात, म्हणजे १०० ची बॅटरी जवळजवळ भरते. बऱ्याच बीएस६ गाड्यांत अल्टरनेटरचे (इंजिनावर वीज बनवणाऱ्या यंत्राचे) व्होल्ट सतत वरखाली होतात, त्यामुळे पूर्वीसारखा नुसता रिले लावून काम होत नाही.

पॉडियमखाली पॅनल शोभेचीच. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या प्लगवरून चार्ज करा, सोसायटीला सांगून आणि लिथियमसाठीच्या चार्जरने. पॅनल बसवण्याआधी गेटच्या वरच्या बारची उंची टेपने मोजा. चौकट धरून टप चार-पाच इंच वाढतो.

आरटीओचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मनाने करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओत, एमएच ०४ असेल तर ठाण्याला, एमएच ४३ असेल तर नवी मुंबईला, टपाचं रेखाचित्र घेऊन जा आणि लेखी विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं तर?

जरूर घ्या, त्यांचा हात आपल्यापेक्षा सफाईदार असतो. फक्त त्यांची सवय घरातल्या २३० व्होल्टच्या विजेची असते, जिथे अँपिअर कमी असतात. वायरची जाडी, डीसी फ्यूज आणि लगेचं मशीन, या तीन गोष्टी आधीच कागदावर लिहून द्या. वायर वळवून टेप गुंडाळलेला एकही जोड गाडीत राहू देऊ नका.

खाडीच्या खाऱ्या हवेने काही होतं का?

होतं. वाशी, ऐरोली, कोपरखैरणे भागातल्या गाड्यांच्या लगेवर वर्षभरात हिरवट थर धरतो. कथील चढवलेल्या लगा वापरा आणि जोड घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी नाही, नंतर.

सगळं जोडून झालं. नीट झालंय हे कसं ओळखायचं?

इन्व्हर्टरवर जमेल तेवढा लोड लावा आणि वीस मिनिटं चालू ठेवा. मग १२ व्होल्टच्या बाजूच्या प्रत्येक जोडाच्या आवरणावरून हात फिरवा. कोमट चालेल, चटका नको. त्यानंतर लोड चालू असतानाच मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक लगेच्या तोंडाशी वायरच्या तांब्यावर आणि दुसरं ज्या बोल्टला ती लग लावली आहे त्याच्या डोक्यावर टेकवा. चांगला जोड काही मिलिव्होल्टच दाखवतो. आमची ती जळकी लग १५० दाखवत असणार, आणि तेव्हा हे मोजायचं आम्हाला ठाऊक असतं तर ती शेडमध्येच सापडली असती. प्रत्येक जोडाचा आकडा खडूने किंवा मार्करने खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पाना घेऊन सगळे नट पुन्हा आवळा आणि आकडे पुन्हा घ्या. जिथला आकडा दुप्पट झाला असेल तिथली लग कापा आणि नवीन दाबा.